मी येईपर्यंत गिअरबॉक्स उतरवू नकोस

कोल्हापूर,
8 ऑगस्ट

बाळू,

गाडीच्या आवाजाचं तू पाठवलेलं रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकलं, पण त्यावरून निदान होणार नाही. फोनचा माइक माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला असतो. खालच्या पट्टीतली घरघर तो बरीचशी गाळतो आणि एसीचा आवाज वर आणतो. खरा उपयोग झाला तो तू खाली लिहिलेल्या ओळींचा: सत्तरच्या पुढे घुमायला लागते, नव्वदला वाढते, क्लच दाबला तरी जात नाही. सनायातल्या, म्हणजे तिथल्या औद्योगिक भागातल्या, मिस्त्रीने एवढ्यावर गिअरबॉक्स खाली घ्यायचं ठरवलं आणि तू त्याला हो म्हणालास. आधी त्याला फोन करून थांबव. पंधरवड्यात मी कतारला परत येतोय. अल खोरला पोहोचलो की पहिल्याच शुक्रवारी तुझ्याकडे येतो.

मिस्त्रीचं चुकलं असं माझं म्हणणं नाही. क्लच दाबूनही आवाज राहिला म्हणजे दोष क्लचच्या मागे, हा त्याचा हिशेब बरोबरच आहे. पण तुझ्या पोर्शे 944 मध्ये क्लचच्या मागे किती लांबवर पसारा आहे ते बघ. इंजिन पुढे, क्लच इंजिनला लागून, आणि गिअरबॉक्स डिफरन्शियलसकट थेट मागच्या चाकांपाशी. वजन पुढे-मागे जवळजवळ निम्मं-निम्मं वाटलं जावं म्हणून ही रचना. मधल्या अंतरात एक लांब नळी. तिच्या पोटात इंजिनचा जोर मागे नेणारा बारीक शाफ्ट आणि त्याला सरळ धरून ठेवणारी चार बेअरिंगं. नळीचं एक टोक क्लचच्या घराला आवळलेलं, दुसरं गिअरबॉक्सला. त्यामुळे एका टोकाला जन्मलेला आवाज दुसऱ्या टोकाला सहज पोहोचतो, आणि सीटवर बसलेल्याला तो गिअरच्या दांड्याखालून आल्यासारखा वाटतो. या गाडीत कानाने जागा शोधायला गेलं की फसगत ठरलेली.

गाडी गिअरमध्ये असताना क्लच दाबलास तर इंजिन तेवढं सुटतं. चाकं गिअरबॉक्सला फिरवत राहतात आणि गिअरबॉक्स त्या शाफ्टला. म्हणजे तुझ्या चाचणीतून इंजिन सुटलं, पण नळीतली बेअरिंगं, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, दोन्ही बाजूंचे एक्सल, चाकांची बेअरिंगं आणि टायर हे सगळे अजून संशयितच आहेत. त्यांतल्या सगळ्यात महागड्याला मिस्त्रीने आधी धरलं.

रास लफानच्या आमच्या प्लांटमध्ये एखाद्या कंप्रेसरचं बेअरिंग बोलायला लागलं तर आम्ही केसिंग उघडायला धावत नाही. कंप मोजतो, आणि शाफ्टच्या एका फेरीशी त्याचं गणित कसं जुळतं ते बघतो. आवाज कुठून येतोय हा प्रश्न नंतरचा. तो कशाच्या फिरण्याबरोबर चालतो हे आधी. तुझ्या गाडीलाही हेच लागू आहे, आणि त्यासाठी मोजायचं यंत्र नको, स्पीडोमीटर आणि टॅकोमीटर पुरेत.

चाचणी अशी घे. शुक्रवारी उजाडताना, रस्ता मोकळा असताना, ताशी 80 चा वेग धर. पाचव्या गिअरमध्ये इंजिनचा काटा साधारण 2100 ते 2200 वर असेल. चौथ्यात आण, मग तिसऱ्यात. तिसऱ्यात तो पावणेचार हजारांच्या आसपास जाईल. वेग मात्र 80 च ठेवायचा. चाक तिन्ही वेळा सेकंदाला अकराएक फेरे घेणार, नळीतला शाफ्ट मात्र पाचव्यात छत्तीस आणि तिसऱ्यात त्रेसष्ट. आता ऐक. घरघरीची पट्टी तिन्ही गिअरांत एकच राहिली, तर दोष चाकांच्या बाजूला, डिफरन्शियल धरून. गिअर उतरवल्यावर पट्टी चढली, तर शाफ्ट किंवा गिअरबॉक्सचा पुढचा भाग. याची खात्री करायला वेग 80 वरच असताना, मागे कुणी नाही हे पाहून न्यूट्रल मार आणि क्लच सोडून दे. आता शाफ्ट फक्त इंजिनच्या संथ चालीवर फिरतोय, चाकं मात्र पूर्ण वेगात आहेत. घुमणं तसंच राहिलं तर नळीवरचा संशय काढून टाक. अल शमाल रस्त्यावर हे करू नकोस, तिथे 120 ने गाड्या येतात. तुझ्या बिल्डिंगमागचा सर्व्हिस रोड बरा.

हे करायच्या आधी एक विचारतो: टायमिंग बेल्ट कधी बदललाय, याचा कागद मागच्या मालकाने दिला का? नसेल तर ही चाचणीही थांबव. त्या इंजिनात बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. रबर किलोमीटरपेक्षा वर्षांनी जास्त म्हातारं होतं आणि दोह्याच्या उन्हात त्याहून लवकर. गाडी कमी चालली आहे हे तू कौतुकाने सांगितलंस. मला त्याचीच काळजी वाटते. मालक दर उन्हाळ्यात गावी गेला आणि गाडी उघड्या पार्किंगमध्ये उभी राहिली असेल, तर टायर एका जागी दबतात, बेअरिंगांतल्या ग्रीसमधलं तेल खाली उतरतं, आणि समुद्राची दमट हवा शिरली तर गोळ्यांवर गंज धरतो. असं बेअरिंग पुढे चालवलं की घुमतंच.

माझा पहिला संशय टायरवर आहे. दोह्याचे रस्ते इतके गुळगुळीत आहेत की आपल्याकडे कधी ऐकू येणार नाही असा टायरचा सूर तिथे उघडा पडतो. टायरच्या बाजूला चार आकडे एका चौकटीत असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ते मला कळव. मग मागच्या टायरच्या नक्षीवर तळहात ठेव आणि हलक्या हाताने पुढे सरकव, तसाच मागे आण. एका दिशेला हात सुळकन जाईल आणि उलट्या दिशेला प्रत्येक ठोकळ्याची कड बोटांना अडेल, तर करवतीसारखी झीज झाली आहे. अशा टायरचा आवाज चाकाच्या बेअरिंगसारखाच असतो, भलेभले चकतात. चारही टायर एका मापाचे असतील तर मागचे पुढे घाल आणि पुन्हा फेरी मार. आवाज पुढे आला की प्रश्न मिटला.

चाकाचं बेअरिंग असेल तर गाडी हळुवार डावी-उजवीकडे झोकवल्यावर आवाज बदलेल. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर जातं. तेव्हा वाढला तर उजवं बघ. रेस देताना गुणगुण आणि रेस सोडताच बंद, किंवा याच्या नेमकं उलट, असं असेल तर डिफरन्शियलचं क्राऊन-पिनियन. एक्सलचे जॉइंट घुमण्यापेक्षा टकटक करतात, पण त्यांचे रबरी बूट नक्की तपास. चीर दिसली तर आतलं थोडं ग्रीस अंगठा आणि बोटामध्ये चोळून बघ. बारीक रेती कचकचली तर तो जॉइंट गेला समज, वाळू आणि ग्रीसने तो आतून घासला गेला असणार. गाडी रॅम्पवर घेऊन चाकं फिरवलीस तर लटकत्या चाकांमुळे एक्सल तिरके होतात आणि निरोगी जॉइंटही आवाज करतो. तिथल्या टकटकीवर विश्वास ठेवू नकोस.

उभ्या गाडीतही बघण्यासारखं आहे. इंजिन चालू, न्यूट्रल, पाय क्लचवरून काढलेला. बारीक खडखड ऐकू आली आणि क्लच दाबताच थांबली, तर शाफ्ट किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगचा संशय घ्यायचा. पण या गाडीची मूळ क्लच प्लेट मधोमध रबर असलेली होती, आणि ते रबर फुटतं म्हणून पुष्कळांनी स्प्रिंगची प्लेट बसवली आहे. त्या प्लेटवर उभ्या गाडीत गिअर थोडे खडखडतातच. ती खोड आहे, बिघाड नाही. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला तर रिलीज बेअरिंग.

सगळ्या खुणा नळीकडेच बोट दाखवत असतील, तर मात्र मीच म्हणेन, उतरवू. त्या गाडीत क्लचपर्यंत पोहोचायलाही सायलेन्सर, एक्सल आणि गिअरबॉक्स काढून नळी मागे सरकवावी लागते. एवढी मेहनत झालीच तर चार बेअरिंगं, क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि इंजिनच्या मागचं ऑइल सील एकाच दमात बदलायचं. मजुरी एकदाच द्यावी. आणि एक्सलचे बोल्ट परत आवळताना टॉर्क पान्याने, अंदाजाने नाही. तो पाना माझ्याकडे आहे.

तोवर गिअरबॉक्सचं तेल हवं तर काढून बघ. आधी भरायचं बूच उघड, ते सुटतंय याची खात्री झाली की मगच खालचं. नाहीतर तेल सांडून बसशील आणि परत भरता येणार नाही. काढलेल्या तेलात चुंबक फिरव. राखाडी मऊ लेप आला तर वयाप्रमाणे ठीक. चमकते तुकडे आले तर फोटो काढ आणि गाडी हलवू नकोस.

तू या गाडीसाठी किती दिवस पैसे साठवलेस ते मला ठाऊक आहे, म्हणून एवढं लांबलचक लिहिलं. आणि तिथे 15 सप्टेंबरपर्यंत दुपारी उघड्यावर काम करायला मजुरांनाही बंदी असते. तूही दुपारच्या उन्हात गाडीखाली शिरू नकोस. तिन्ही गिअरांतली पट्टी, न्यूट्रलमध्ये काय झालं ते, आणि टायरवरचे चार आकडे एवढं लिहून पाठव. गिअर टाकून क्लच सोडताना मधेच धाडकन धक्का बसला, तर ते क्लच प्लेटचं रबर समज. मग रस्त्यावर अडकण्याची वाट न पाहता गाडी टो करून घरी आण.

तुझा,
मामा