ऊन पाणी

आमच्या धाराशिवकडची जुनी माणसं गरम पाण्याला ऊन पाणी म्हणतात. वरनं पडतं तेही ऊन अन् बंबातनं निघतं तेही ऊन. छतावर सोलर आलं तेव्हा हा शब्द एकदम खरा झाला.

तीन हिवाळे सोलर नीट चाललं. चौथ्या वर्षी ऐन पुसात नळाला कोमट पाणी यायला लागलं. लेक बाळंतपणाला आलेली, नात बारा दिवसांची. आई म्हणाली, "असल्या पाण्यानं लेकराचं अंग शेकत नसतंय." माळ्यावरचा बंब काढला, तुराट्या घातल्या, वेळ भागली. पण धूर थेट बाळंतिणीच्या खोलीत जायचा, लेकरू ठसकायचं. त्याला फार दिवस तसं ठेवता येत नव्हतं.

आभाळ निरभ्र होतं, म्हणजे उन्हाकडं बोट दाखवता येत नव्हतं. तुरीच्या मळणीचा भुसा नळ्यांवर बसला होता, तो पहाटे धुतला. तापल्या काचेवर गार पाणी पडलं तर ती तडकते, म्हणून पहाटेच. फरक पडला नाही. मग नळ्यांची बुडं बघितली. ही नळी थर्मासासारखी दुहेरी काचेची, दोन काचांमध्ये हवा नसते. बुडाला चांदीसारखा लेप असतो. आत हवा शिरली की तो पांढरा पडतो. आमच्या सगळ्या नळ्यांची बुडं चकाकत होती.

संध्याकाळी टाकीजवळचा नट जरा ढिला केला. हात भाजंल असं पाणी आलं. म्हणजे पाणी तापत होतं, खाली पोचत नव्हतं. न्हाणीत गार पाण्याचा कॉक पुरता बंद करून नुसता ऊन पाण्याचा सोडला, तर सुतळीएवढी धार. ती खाली येईस्तोवर निवायची, अन् तिच्यात गार पाणी मिसळलं की कोमट.

दुसऱ्या दिवशी गावातल्या फिटरला घेऊन टाकीजवळचा एल्बो खोलला. आत दगड! करंगळी जाईना. कांद्यासारखे थरावर थर.

हा दगड बोअरमधनं आला होता. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या दुष्काळात आमचीबी विहीर आटली अन् बोअर घेतला. पाचशे फुटांवर काळ्या पाषाणात पाणी लागलं, पण जड. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. पाषाणातले क्षार त्यात विरघळलेले असतात. पाणी तापलं की ते वेगळे होतात अन् जागा सापडंल तिथं चिकटून दगड होतात.

बंबातबी हेच व्हायचं. पण बंब आधी सांगायचा. खदखदायचा, जळण जास्त खायचा. आई दिवाळीआधी तो पालथा घालून लाकडानं ठोकायची, पांढऱ्या खपल्या पडायच्या. छतावरची टाकी मुकी. तिला गाळ सोडायचा कॉक असतो, हे बसवून देणाऱ्यानं सांगितलंच नव्हतं.

एल्बो रात्रभर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात ठेवला. फेस येऊन दगड सुटला. पहाटे गाळाचा कॉक सोडला, तर चुना कालवल्यासारखं पाणी पन्हाळीतनं वाहिलं. ते निवळ होईपर्यंत सोडलं अन् ऊन चढायच्या आत टाकी परत भरून घेतली, कारण तापल्या रिकाम्या नळीत गार पाणी शिरलं तरी काच जाते. तिसऱ्या प्रहराला आईनं बादलीत कोपर बुडवून बघितलं, काही न बोलता गार पाण्याचा तांब्या मागितला अन् नातीला पायावर घेतलं.

बंब माळ्यावर परत गेला नाही. आभाळ आलं की लागतो. दिवाळीआधी आई तो ठोकायला घेते, तो आवाज आला की मी जिना चढून टाकीचा कॉक सोडतो.