सँटाच्या पोतडीत अभंग

डिसेंबरचा तिसरा आठवडा. ऑफिसात कापसाचा बर्फ, रिसेप्शनवर प्लॅस्टिकचं झाड आणि एचआरच्या हातात चिठ्ठ्यांचा डबा. सिक्रेट सँटा! बजेट पाचशे रुपये. कॉफी मग आणि सुगंधी मेणबत्त्यांवर बंदी, कारण गेल्या वर्षी अर्ध्या ऑफिसला तेच मिळालं होतं. मी चिठ्ठी उघडली आणि पोटात गोळा आला. नाव नेमकं तिचंच!

ती म्हणजे आमच्या अकाउंट्समधली, मूळची नगरची (आताचं अहिल्यानगर). गेल्या नाताळात तिनं डबाभर करंज्या आणल्या होत्या. एक तोंडात टाकत मी विचारलं होतं, ‘तुम्ही लोक घरी इंग्लिशच बोलता ना गं?’ ती हसली. ‘मराठीच. प्रार्थनासुद्धा मराठीतच,’ म्हणाली आणि डबा घेऊन पुढच्या टेबलाकडे गेली. ते हसू वर्षभर माझ्या डोक्यातून गेलं नव्हतं. कवितांवर तिचा जीव आहे, एवढं मात्र ठाऊक होतं. ठरलं, यंदा कवितेचं पुस्तक. शनिवारी दुपारी चर्चगेटला उतरले.

चर्चगेटमधलं ‘चर्च’ कुठलं?

आपण रोज या स्टेशनवर उतरतो, पण त्यातलं ‘चर्च’ कुठलं, असं कधी मनात आलंय? वीर नरिमन रोडनं सरळ चालत सुटा. हुतात्मा चौक ओलांडला की हॉर्निमन सर्कलच्या तोंडाशी सेंट थॉमस कॅथीड्रल लागतं. किल्ल्याच्या तटातून या चर्चकडे येणारा दरवाजा, तो चर्चगेट. तट १८६० च्या दशकात पाडला गेला, नाव राहिलं. आणि हे चर्च उपासनेसाठी खुलं झालं तो दिवस होता १७१८ चा नाताळ!

आत गार, शांत. भिंतींवर कंपनी सरकारच्या काळातल्या साहेबांची संगमरवरी स्मारकं. नाताळ म्हणजे इंग्लिश, हे माझ्या डोक्यात कुठून आलं ते तिथं बाकावर बसल्यावर कळलं. आणि त्याच बाकावर कॉलेजातल्या मराठीच्या सरांनी शिकवलेला दुसरा थॉमस आठवला. फादर थॉमस स्टीफन्स. हाही साहेबच, पण १५७९ मध्ये गोव्यात आला, मराठी शिकला आणि येशूची कथा त्यानं चक्क ओव्यांमध्ये लिहिली. सुमारे अकरा हजार ओव्या! ते ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापलं गेलं. म्हणजे मी बसले होते ते चर्च उघडायच्या १०२ वर्षं आधी येशूचा जन्म मराठी कवितेत सांगून झाला होता. आणि मी विचारत होते, घरी इंग्लिश बोलता ना...

घोडा आहे, स्वार नाही

तिथून परत फिरले. टी. एन. शानभागांनी १९४८ मध्ये सुरू केलेलं स्ट्रँड बुक स्टॉल इथंच जवळ होतं. २०१८ मध्ये ते बंद झालं आणि फोर्टातल्या पुस्तकवेड्यांची एक हक्काची जागा गेली. सुदैवानं फ्लोरा फाउंटनजवळ किताबखाना आहे. डिसेंबर २०२० मध्ये आग लागली, तरी काही महिन्यांत पुन्हा उभा राहिला. तिथं अरुण कोलटकरांचं ‘काळा घोडा पोएम्स’ हाती लागलं. ते घेतलं, पण स्वतःसाठी!

हे पुस्तक घरी नेऊन वाचू नका, पाच-सात मिनिटं चालत काळा घोड्याला जा. ज्याच्यावरून हे नाव पडलं तो राजा एडवर्डचा पुतळा १९६५ मध्ये राणीच्या बागेत गेला. २०१७ मध्ये नवा घोडा आला, पण स्वाराशिवाय. कोलटकर इथल्या वेसाइड इन या हॉटेलात खिडकीशी बसत. ते हॉटेल आता नाही, पण त्या खिडकीतून दिसलेली माणसं २००४ च्या या पुस्तकात भेटतात. फुटपाथवर राहणाऱ्यांची सकाळ, त्यांची इडलीची पंगत, रस्त्यावरचं कुत्रं. मेजवानी कुणाकुणाला मिळते, हा प्रश्न नाताळात पडायलाच हवा.

पंगतीवरून करंज्यांचा तो डबा पुन्हा आठवला आणि डोक्यात ट्यूब पेटली. नगर म्हणजे रेव्हरंड टिळक! शाळेत ‘केवढे हे क्रौर्य’ शिकलो, ते ना. वा. टिळक. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाईंचे यजमान. १८९५ मध्ये या मुंबईतच त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण लिहीत राहिले अभंगच. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांच्या हातून अपुरं राहिलं. १९१९ मध्ये ते गेल्यावर लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेलं.

पुन्हा चर्चगेट, तिथून दादर. एका दुकानातल्या काकांनी माळ्यावरून ‘अभंगांजली’ची जुनी, पिवळी पडलेली प्रत काढली आणि धूळ झटकली. रंगीत कागद घेतला तरी पाचशेच्या आतच!

२४ तारखेला तिनं कागद सोडला. काही बोलली नाही. एक पान उघडलं आणि हलक्या आवाजात चालीवर म्हणू लागली. आमचा गोंगाटी फ्लोअर मिनिटभर गप्प. ‘आजी म्हणायची,’ एवढंच बोलली. मग माझ्याकडे वळून, ‘तूच ना?’ मी मान डोलावली आणि वर्षभर राहिलेलं ‘सॉरी’ म्हणून टाकलं. ‘करंज्या कमी खाल्ल्या होत्यास तू,’ ती म्हणाली आणि डबा माझ्यापुढे सरकवला.

कुणाला काय द्याल?

• फोर्टात नोकरी करणाऱ्या मित्राला : ‘काळा घोडा पोएम्स’. रोजचा रस्ता नव्यानं दिसेल.

• बॉसला : नारायण सुर्वे यांचं ‘माझे विद्यापीठ’ (१९६६). अप्रेझलच्या आधी वाचलं तर उत्तम!

• गोव्याच्या मैत्रिणीला : युनिस डिसूझा यांचं ‘फिक्स’ (१९७९). आपल्याच माणसांना काढलेले मस्त चिमटे.

• स्वतःला : एक मोकळा शनिवार. चर्चगेटला उतरा आणि चालत सुटा.