दहा शिलिंगांची हमी

पुणे

चि. मुक्ता,


सुदानच्या युद्धाबद्दलच्या निवेदनावर प्राध्यापकांनी सह्या कराव्यात की नाही, यावरून तुमच्या वसतिगृहात रात्रभर खडाजंगी झाली म्हणतेस. परक्या देशातल्या यादवीतलं विज्ञानाच्या माणसाला काय कळतं, हा तुझ्या मैत्रिणीचा सवाल मला झटकून टाकवत नाही.

तुमच्याच केंब्रिजात १९३६ साली स्पेनच्या यादवी युद्धावरून असाच वाद पेटला होता. ट्रिनिटीत इतिहास शिकलेला जॉन कॉर्नफर्ड, तिथल्याच प्राध्यापकाचा मुलगा, लढायला गेला आणि वर्ष सरता सरता कॉर्दोबाजवळ मारला गेला. वय जेमतेम एकवीस. आपल्या नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार लंडनला पत्रकारिता शिकायला गेले होते. तेही ‘जॉन स्मिथ’ नावाने आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमध्ये दाखल झाले आणि १९३८ मध्ये बंडखोर सेनापती फ्रँकोच्या कैदेत पडले.

पण मैत्रिणीला उत्तर द्यायचं तर हाल्डेनचं उदाहरण दे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले हे जीवशास्त्रज्ञ युद्धाच्या काळात तीनदा स्पेनला गेले. विषारी वायूपासून बचाव कसा करायचा, हे त्यांना ठाऊक होतं. तेच त्यांनी तिथे सांगितलं. बॉम्ब पडत असताना माणसं कुठे वाचतात, हे डोळ्यांनी पाहिलं, आणि १९३८ मध्ये पुस्तक लिहून आपल्या सरकारकडे जमिनीखालच्या पक्क्या निवाऱ्यांचा आग्रह धरला. ते साम्यवादाकडे झुकलेले होते, आणि त्यांची त्याबाबतची काही मतं मला आजही पटत नाहीत. पण भिंत किती जाड हवी, हे गणित कुठल्या पक्षाचं नसतं.

आणि ती मुलं! मे १९३७ मध्ये त्याच युद्धातून वाचवलेली, स्पेनच्या बास्क प्रांतातली जवळपास चार हजार मुलं साउथॅम्प्टनला उतरली. ब्रिटिश सरकारने खर्चाच्या बाबतीत हात वर केले. दर मुलामागे आठवड्याला दहा शिलिंगांची हमी लोकांनीच घ्यायची होती. त्यांतली काही केंब्रिजला आली, तेव्हा विद्यापीठातली माणसं त्यांच्यासाठी राबली. वादाने माणसं अशी कामाला लागत असतील, तर खुशाल भांडा.

पुण्यात सुदानी मुलं कित्येक वर्षं शिकायला येतात. १५ एप्रिल २०२३ ला बुऱ्हान आणि डगालो या दोन सेनापतींची जुंपली, आणि खार्टूममधली विद्यापीठंही त्यात होरपळली. माझ्या ओळखीच्या एका मुलाच्या गुणपत्रिका तिथेच राहिल्या. इथे प्रवेशाच्या खिडकीवर मूळ प्रत मागतात. तो मोबाइलमधला अर्धवट फोटो दाखवतो, आणि मागच्याचा नंबर पुकारला जातो.

तेव्हा तुमच्या प्राध्यापकांना एवढं विचार: कागद नसलेल्या सुदानी विद्यार्थ्याची तुम्ही स्वतः परीक्षा घेऊन त्याला वर्गात बसवाल का? फी कोण भरेल? सही ते करोत वा न करोत. त्यांचं म्हणणं मला लगेच कळव. आमच्या प्राचार्यांपुढे हाच प्रस्ताव ठेवायचा आहे.

तुझी,
मावशी