हलक्या कानाचे राजे

मराठीत ‘हलक्या कानाचा’ असा एक शब्दप्रयोग आहे. कोणीही काही सांगावे आणि याने ते खरे मानावे, अशा माणसाला आपण तसे म्हणतो. त्यात थोडी कीवही असते. जणू सारा दोष सांगणाऱ्याचा आणि ऐकणारा बापडा भोळा. प्राचीन चीनमधल्या झाओ राज्याचा इतिहास वाचल्यापासून मात्र मला हा अर्थ पुरेसा वाटेनासा झाला आहे. कान हलका असतो तो सगळ्याच बोलण्याला नव्हे. जे मनात आधीच घर करून बसले आहे, तेवढेच त्यात अलगद शिरते. बाकीचे कितीही कळवळून सांगा, तोच कान दगडाचा होतो.

इसवी सनापूर्वीच्या त्या दोन-अडीच शतकांत चीनमध्ये सात मोठी राज्ये एकमेकांशी झुंजत होती. झाओ हे त्यांतले उत्तरेकडचे राज्य. हान्दान ही त्याची राजधानी. पश्चिमेला छिन हे बलाढ्य राज्य होते आणि त्यानेच पुढे इ.स.पू. २२१ मध्ये सारा चीन एका छत्राखाली आणला. पण झाओ काही लेचेपेचे नव्हते. त्याच्या वूलिंग राजाने इ.स.पू. ३०७ मध्ये दरबारचा विरोध पत्करून घोळदार झगे बाजूला ठेवले, भटक्या टोळ्यांसारखा आटोपशीर पोशाख घातला आणि घोड्यावरून तीर मारणारे सैन्य उभे केले. पुढे लिएन फो, झाओ शे, ली मू असे एकाहून एक सेनापती या राज्याला लाभले. मग ते बुडाले का? सिमा च्यान या इतिहासकाराने हा सारा वृत्तान्त लिहून ठेवला आहे. तो वाचताना माझे लक्ष रणांगणापेक्षा राजवाड्याकडेच वळते.

इ.स.पू. २६२ मध्ये शांगदांग हा डोंगराळ मुलूख छिनच्या कचाट्यात सापडला. तो होता हान राज्याचा. पण तिथल्या सुभेदाराने छिनला शरण जाण्याऐवजी आपली सतरा शहरे झाओला देऊ केली. फुकटचा लाभ म्हणजे संकटाला आमंत्रण, असे राजाच्या एका नातलगाने बजावले. दुसऱ्याने घ्या म्हटले. राजाने घेतली. छिनचे सैन्य चालून आले आणि छांगफिंग येथे लिएन फो त्याच्या समोर उभा राहिला. सुरुवातीच्या चकमकींत मार बसल्यावर या अनुभवी सेनापतीने तटबंदी पक्की केली आणि आत बसून राहिला. शत्रू लांबून आलेला. त्याला दमवावे, हा त्याचा हिशोब. शत्रूने कितीही डिवचले तरी तो बाहेर पडेना.

इकडे हान्दानमध्ये राजाचा जीव खालीवर होऊ लागला. त्याचीही बाजू समजून घेतली पाहिजे. लाखो माणसे शेत सोडून रणात बसलेली, रोजचा दाणागोटा पुरवायचा आणि हाती विजयाची एक बातमी नाही. राजाने सेनापतीला खरमरीत निरोप धाडले. नेमक्या या वेळी छिनच्या प्रधानाने हजार सुवर्णमुद्रा खर्चून हान्दानमध्ये वावडी उठवली : छिनला भय आहे ते फक्त झाओ ख्वोचे, लिएन फो काय, तो शरण येण्याच्याच बेतात आहे. राजाला हे लगेच पटले, कारण लिएन फो भित्रा आहे हे त्याच्या मनाने आधीच ठरवले होते. शत्रूने फक्त त्याला दुजोरा दिला.

झाओ ख्वो हा थोर सेनापती झाओ शे याचा मुलगा. युद्धशास्त्राचे ग्रंथ त्याला मुखोद्गत. वादात बापालाही हार जात नसे. पण बाप त्याला कधी चांगले म्हणाला नाही. युद्ध ही मरणाची जागा आहे आणि पोरगा तिच्याविषयी सहज बोलतो, याचीच त्याला धास्ती होती. आजही चिनी भाषेत ‘कागदावर युद्ध बोलणे’ अशी जी म्हण आहे, ती या झाओ ख्वोवरूनच सांगतात. आजारी असलेल्या लिन श्यांगरू या वृद्ध मंत्र्याने राजाला अडवून पाहिले. ऐकले गेले नाही.

मग पुढे आली ती मुलाची आई. या साऱ्या इतिहासात मला सर्वांत मोठी वाटते ती हीच बाई. तिने राजाला लिहून कळवले, की माझ्या मुलाला पाठवू नका. कारणे ग्रंथातली नव्हती, घरातली होती. नवरा सेनापती असताना राजाकडून मिळालेले सारे शिपायांत आणि अधिकाऱ्यांत वाटून टाकी. हुकूम हाती आला की त्या दिवसापासून घरच्या गोष्टीत लक्ष घालीत नसे. मुलगा सेनापती झाल्याबरोबर असा बसला, की हाताखालच्या कोणाची मान वर करून पाहण्याची छाती नाही. राजाने दिलेले सोने आणि रेशीम त्याने घरात नेऊन ठेवले आणि रोज विकत घेण्याजोग्या जमिनी अन् घरे धुंडाळतो आहे. राजाने उत्तर दिले, की निर्णय झाला आहे. तेव्हा तिने एवढेच मागितले, की तो अपयशी ठरला तर त्याची शिक्षा आमच्या घराला नको. राजाने ते मान्य केले.

इ.स.पू. २६० मध्ये झाओ ख्वो तट सोडून बाहेर पडला. छिनने गुपचूप आपला सर्वांत कठोर सेनापती बाय छी याला आणले होते. त्याने माघारीचे सोंग करून झाओच्या सैन्याला आत ओढले आणि मागची वाट तोडली. छेचाळीस दिवस अन्न नाही. अखेर माणसे एकमेकांना मारून खाऊ लागली. झाओ ख्वो तीर लागून पडला, सैन्य शरण आले आणि शरण आलेल्यांना बाय छीने मारून पुरून टाकले. सिमा च्यान एकूण बळींचा आकडा साडेचार लाख देतो. लहान वयाची २४० मुले तेवढी घरी सोडली, बातमी सांगायला. आकडा फुगवलेला असेल, असे आजचे इतिहासकार म्हणतात. पण १९९५ मध्ये शान्शी प्रांतातल्या योंगलू गावात जमिनीखाली मानवी सांगाड्यांचे खड्डे सापडले. कवट्यांवर घाव, हाडांत बाणांची टोके. त्याच भागात, गावफिंगमध्ये, भाजलेल्या टोफूला आजही ‘बाय छीचे मांस’ म्हणतात आणि चवीने खातात. लोकांचा राग सव्वादोन हजार वर्षे टिकला आहे.

एवढा धडा मिळाल्यावर तरी झाओचे राजे शहाणे व्हावेत! लिएन फोला नंतर नव्या राजाने पदावरून काढले आणि तो परमुलखात निघून गेला. पुढे त्याला परत बोलावण्याचा विचार झाला, तेव्हा पाहायला दूत गेला. म्हाताऱ्याने दूतासमोर भरपूर भात आणि दहा रत्तल मांस खाल्ले, चिलखत घालून घोड्यावर मांड ठोकली. पण क्वो खाय नावाच्या दरबारी माणसाने दूताचे हात आधीच ओले केले होते. दूताने परतून सांगितले, की सेनापती जेवतात चांगले, पण बसल्या बैठकीत तीनदा शौचाला उठले. राजाने ओळखले : म्हातारा झाला. संपले.

ली मूची गोष्ट याहून जिव्हारी लागते. उत्तर सरहद्दीवर तो श्योंगनू टोळ्यांविरुद्ध वर्षानुवर्षे तटाआडच राहिला. शिपायांना रोज बैल कापून जेवू घाली, घोडदौड अन् तिरंदाजी शिकवी, लढू मात्र देत नसे. राजाने भित्रा म्हणून त्याला काढले. नवा सेनापती वर्षभर लढत आणि हरत राहिला, शेती बसली; तेव्हा ली मूला परत आणावे लागले. मी पूर्वीसारखाच वागेन, ही अट घालूनच तो आला आणि पुढे एकाच लढाईत त्याने टोळ्यांचे असे कंबरडे मोडले, की दहाएक वर्षे त्या फिरकल्या नाहीत. इ.स.पू. २३३ मध्ये त्याने छिनलाही हरवले. इ.स.पू. २२९ मध्ये छिनचा वांग च्येन चालून आला तेव्हा पुन्हा तोच क्वो खाय, पुन्हा छिनचे सोने, पुन्हा फितुरीची वावडी. ली मूला पकडून मारले. तीन महिन्यांत झाओचे सैन्य फुटले, इ.स.पू. २२८ मध्ये राजा कैद झाला.

लहानसहान संस्थांच्या बैठकांना मी पुष्कळ बसलो आहे. ‘जरा थांबू या’ म्हणणाऱ्याची बाजू तिथे नेहमीच लंगडी पडते. जे केले ते प्रोसिडिंग बुकात येते. जे टळले त्याची नोंद कोण करणार? लिएन फोच्या तटामागे रोज लाखो माणसे जिवंत राहत होती. पण जिवंत राहणे ही बातमी होत नाही.

जिंकणाऱ्या छिनचे राजे तरी कुठे वेगळे होते? बाय छीला त्यांनीच इ.स.पू. २५७ मध्ये आत्महत्येचा हुकूम दिला. वांग च्येनने हे ओळखले होते. इ.स.पू. २२४ च्या सुमारास सहा लाख फौज घेऊन छू राज्यावर निघताना त्याने राजाकडे चांगल्या जमिनी आणि घरे मागितली. वाटेतूनही मागण्या धाडत राहिला. हे अति होते, असे कोणी म्हणाले. त्यावर त्याने खुलासा केला, की राजा संशयी आहे, सारी फौज माझ्या हाती आहे. मी मुलाबाळांसाठी जमीन मागत राहिलो तर त्याला माझे भय वाटणार नाही. तो जिंकला आणि टिकलाही.

एका आईने मुलाच्या जमिनीच्या हव्यासावरून ओळखले, की हा सेनापती नव्हे. एका सेनापतीने तोच हव्यास पांघरून राजाचा कान सांभाळला. त्या आईलाही राजाचा कान नीट कळला होता. म्हणूनच तिने दुसऱ्यांदा विनवणी केली नाही, फक्त अभय मागून घेतले. छांगफिंगनंतर राजाने तो शब्द पाळला. तिचे घर वाचले. ज्यांच्या आयांना राजाला लिहिता येत नव्हते, त्यांची मुले छांगफिंगच्या मातीत राहिली.