आधी जुळवा, मग घ्या

मुलाने शिकवण्या घेऊन पैसे साठवले आणि गेम खेळायचा कॉम्प्युटर घरीच जोडायचे ठरले. लॅमिंग्टन रोडवर मी घाईने डीडीआर-५ रॅम घेतली. नवे तेच चांगले, असा माझा हिशेब! घरी ती स्लॉटमध्ये बसेना. आमचा प्रोसेसर रायझन ५ ५६००, मदरबोर्ड बी-५५०, सॉकेट एएम-४. त्याला डीडीआर-४च लागते. दोन्ही रॅमची खाच वेगळ्या जागी असते.

"बाबा, मी यादी केली होती. तुम्ही विचारलंच नाही," मुलगा म्हणाला.

कचेरीत रोज व्हाउचर जुळवणारा मी खजील झालो. दुसऱ्या दिवशी रॅम बदलून आणली.

बंधू-भगिनींनो, सॉकेट, रॅम, ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय आधी कागदावर जुळवा. आणि मुलांना विचारण्यात कमीपणा मानू नका.