बाबांची गाडी आणि वाजणारं ताट

परवा शनिवारी बाबांच्या गाडीतून डेक्कनला निघालो होतो. सिग्नल आला, बाबांनी हळूच ब्रेक दाबला आणि कीऽऽऽ.. शेजारच्या स्कूटरवाल्याने वळून बघितलं. पुढच्या सिग्नलला पुन्हा तेच. बाबा निवांत!

"बाबा, गाडी केवढी ओरडतेय!"
"छे, कुठे काय?"

गॅरेजवाल्याने चाक काढून दाखवलं. पॅड जाड, डिस्क गुळगुळीत. "ब्रेक ओके आहे साहेब, नुसता आवाज आहे."

आता ब्रेक ओके आहे तर वाजतंय काय? बाबांची सगळी नोकरी मशीन शॉपमध्ये गेलेली. घरी आल्यावर त्यांनी स्टीलचं ताट मुठीवर तोललं आणि काठावर चमचा मारला. "मारलं तिथेच बोट ठेव." आवाज बंद. पुन्हा मारलं. "आता तिथून ४५ अंशांवर ठेव." आवाज रेंगाळला! म्हणजे चकतीचे काही भाग थरथरतात आणि त्यांच्या मधल्या रेषा स्थिर राहतात. क्लाड्नीने १७८७ मध्ये पत्र्यावर वाळू पसरून अशाच रेषा दाखवल्या होत्या.

पण ब्रेकमध्ये चमचा कोण मारतंय? कुणीच नाही. पॅड नुसता घासत असतो. डिस्क-पॅडची दोन कंपनं जवळपास सारख्या फ्रिक्वेन्सीची असली तर घर्षण त्यांची जोडी जमवतं. मग प्रत्येक थरथरीला फिरत्या चाकातून थोडी ऊर्जा मिळते, ती थरथर आणखी वाढते.. आमच्या भाषेत पॉझिटिव्ह फीडबॅक! सेकंदाला हजार ते सोळा हजार कंपनं. गाडी थांबते व्यवस्थित, फक्त किंचाळत थांबते. लँचेस्टरने १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं, तेव्हाही तांब्याचे पॅड असेच किंचाळायचे म्हणे.

उपाय साधा. पॅडच्या कडा जरा तासायच्या, पाठीमागे कंपनं जिरवणारी पातळ शिम बसवायची. तीनशे-चारशे रुपयांत गाडी गप्प.

रात्री झोपताना डोक्यात आलं. ताटाचा आवाज बाबांना ऐकू आला, ब्रेकचा नाही. वयाबरोबर आधी बारीक, उंच पट्टीचे आवाजच जातात. गाडी आधीच दुरुस्त केली असती तर मला हे कळलंही नसतं.

सोमवारी कानाच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतलीये. बाबा म्हणतात, "उगाच खर्च." बघू..