खोटी मासोळी

गळ टाकून तासन् तास बसणाऱ्या माणसाविषयीं आपल्या समाजांत फारसा आदर नाहीं. इंग्रजांत तसें नाहीं. आयझॅक वॉल्टननें १६५३ सालीं आपला 'दि कंप्लीट अँगलर' छापला तेव्हांपासून गळ टाकणें हें तिकडे तत्त्वचिंतनाचेंच एक अंग मानलें जातें. आमच्या एका सहाध्यापकांनीं मात्र आम्हांला एका रविवारीं रत्नागिरीजवळ भाट्याच्या खाडीवर पाहिलें तेव्हां, "पेन्शनीची तयारी का ही?" एवढेच उद्गार काढले.

आम्हांला येथें छंदाची कैफियत मांडावयाची नाहीं. सांगावयाचें आहे तें त्यांतील एका चिमुकल्या वस्तूविषयीं. बाजारांत हिला 'डायव्हिंग मिनो' म्हणतात; आम्ही खोटी मासोळी म्हणतों. बोटभर ते वीतभर लांबीचें निमुळतें अंग, पोटाखालीं लोंबणारे दोन-तीन तिहेरी गळ, आणि हनुवटीखालीं बाहेर काढलेली पारदर्शक जीभ. दोरी ओढली कीं पाणी त्या जिभेवर आदळतें, डोकें खालीं दबतें आणि मासोळी लटपटत बुडी मारते.

हिचा जो अवतार जगभर गाजला तो फिनलंडांतला. लाउरी रापाला (१९०५–१९७४) हा गरीब मच्छीमार सरोवरावर वल्हवीत असतां पाहत असे कीं, मोठा मासा लहान मासोळ्यांच्या थव्यावर धांवून जातो तेव्हां धडधाकट पोहणाऱ्यांना सोडून जी एक किंचित् वांकडी चालते तिलाच गिळतो. (परीक्षकाच्या धंद्यांत आयुष्य गेल्यामुळें ही निवड आम्हांला फार ओळखीची वाटली.) १९३६ सालीं त्यानें चांभारी चाकूनें बूच तासून ती वांकडी चाल हुबेहूब साधली, वर चॉकलेटचा चंदेरी कागद गुंडाळला आणि छायाचित्रांच्या फिती वितळवून त्यांचा लेप दिला. पुढें १९६२ च्या ऑगस्टांत अमेरिकेच्या 'लाइफ' साप्ताहिकानें हिच्यावर लेख छापला. त्याच अंकाच्या मुखपृष्ठावर नुकतीच वारलेली मेरिलिन मन्रो होती. अंकावर लोकांची झुंबड उडाली, आणि मासोळीला मागणी पुरवितां पुरवेना.

आतां निवडीचें. दुकानांत पन्नास रंग मांडलेले असतात आणि नवखा मनुष्य रंगांतच गुंततो. त्या रंगांनीं मासे किती सांपडतात न कळे. गिऱ्हाइकें मात्र पुष्कळ सांपडतात! पाण्यांत तांबडा प्रकाश सर्वांआधीं विरतो, म्हणून कांहीं मीटर खालीं झगझगीत तांबडी मासोळी नुसती काळपट दिसते. गढूळ खाडींत तर मासा रंगापेक्षां आकृतीच्या छायेवर आणि पाण्याच्या कंपनांवर चाल करतो. तीं कंपनें जाणणारी एक रेघच निसर्गानें त्याच्या दोन्ही कुशींवर ओढून दिली आहे. म्हणून पाहावयाची ती जीभ. जीभ आखूड व उभी असेल तर मासोळी हात-दीड हात बुडते. लांब व अंगाच्या रेषेंत पुढें आलेली असेल तर दोन-तीन मीटर, कधीं त्याहूनही खोल. डबीवरचा आंकडा पुष्कळदां नावेमागें लांब दोरी सोडून ओढण्याचा असतो. किनाऱ्यावरून फेंकणाऱ्यानें त्यांतून बरीच वजावट करावी. दोरी जाड असली तर मासोळी वर राहते, बारीक असली तर खोल जाते. आमच्याकडे ओहोटीला जेथें पाणी थोडें आणि खालीं कालवांनीं भरलेला धारदार खडक, तेथें खोल बुडणारी मासोळी म्हणजे खडकाला वाहिलेली दक्षिणाच. मात्र ती तरंगत्या जातीची असेल तर अडल्याबरोबर ओढ सैल करावी. ती आपोआप मागें सरून वर येते.

ह्या तरंगण्या-बुडण्यांत एक गंमत आहे. समुद्राचें पाणी गोड्या पाण्यापेक्षां सुमारें अडीच टक्के जड. त्यामुळें तळ्यांत सोडल्या जागीं अधांतरीं राहणारी मासोळी समुद्रांत हळूहळू वर चढते. आणि खाडीचें पाणी तर ना गोडें ना खारें! पावसाळ्यांत काजळी नदीचा लोंढा येतो तेव्हां गोडें पाणी वर आणि खारें खालीं, असे थरच पडतात. ह्या अडीच टक्क्यांची मातब्बरी एवढ्यासाठीं कीं, जिताडा पुष्कळदां ओढ थांबलेल्या क्षणींच तोंड वासतो, आणि त्या क्षणीं मासोळी जागच्या जागीं थबकलेली असावी लागते. ती वर पळूं लागली तर गळाला शिशाच्या तारेचे दोन वेढे द्यावे. हा खटाटोप पाहून खाडीवरील एक वयोवृद्ध खारवी आम्हांला म्हणाले, "मास्तर, जिवंत कोळंबी लावा आणि मोकळे व्हा. माशाला फसवायला एवढा सरंजाम कशाला?" ह्याला उत्तर आम्हांला अद्याप सुचलेलें नाहीं.

गळांचा प्रश्न ह्याहून अवघड. कारखान्याचे तिहेरी गळ खाऱ्या पाण्यांत गंजतात हें एक. पण तिहेरी गळ माशाच्या तोंडांत, कल्ल्यांत, कधीं डोळ्यांतही रुततो आणि सोडवितांना त्याचे हाल होतात, हें दुसरें. जिताड्याची जन्मकथा विलक्षण आहे. तो प्रथम नर म्हणून वयांत येतो आणि बहुधा सहा ते आठ वर्षांच्या सुमारास मादी होतो. म्हणजे आपण ज्यांच्याबरोबर छायाचित्र काढून घेतों ते मोठे जिताडे बहुतेक माद्याच असतात, आणि मादी जितकी मोठी तितकीं तिचीं अंडीं अधिक. ऑस्ट्रेलियांत क्वीन्सलँडमध्यें १२० सेंटिमीटरांहून लांब जिताडा ठेवूं नये असा नियम आहे. आम्हीं नियमाची वाट न पाहतां आमच्या मासोळ्यांचे तिहेरी गळ काढून एकेरी, आंकडा दाबून टाकलेले गळ बसविले. त्यामुळें कांहीं मासे निसटतात. मासोळीची चालही बिघडते; ती एका अंगाला ओढूं लागली तर नाकाची कडी चिमट्यानें विरुद्ध बाजूस केंसभर वांकवावी लागते.

गेल्या आश्विनांत हातभराहून बराच मोठा असा एक जिताडा आम्हीं धरला आणि सोडून दिला. घरीं हें सांगितलें तेव्हां सौभाग्यवतींनीं चष्मा काढून आमच्याकडे पाहिलें.

"अहो, जिताड्याचा बाजारांत भाव काय आहे, ठाऊक आहे ना?"

आम्हीं नर-मादीचें, अंड्यांचें, क्वीन्सलँडचें सारें व्याख्यान दिलें. त्यांनीं तें वर्गांतल्या पहिल्या बाकावरच्या मुलीप्रमाणें शेवटपर्यंत ऐकून घेतलें.

"पटलें. पण तुम्ही सोडलेली ती उद्यां कोणाच्या तरी जाळ्यांत जायची, आणि आपणच ती विकत आणायची."

ह्या युक्तिवादांत आम्हांला दोष काढतां आला नाहीं. तरी गळ आम्हीं बदलले नाहींत. पुढच्या शुक्रवारीं पानांत जिताड्याची कढी होती. कापांचा घेर पाहून मासा केवढा असेल ह्याचा आम्हीं मनांतल्या मनांत हिशेब केला. कोठून आणला तें विचारलें नाहीं.